परदेशात बर्फातून चर्चला जाताना: सोलापूरहून मुलांकडे जाणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ यंदा मुलांकडे करू, असं ठरवून डिसेंबरात सोलापूरहून कॅनडा, अमेरिका, जर्मनी किंवा इंग्लंडला निघणाऱ्या आई-वडिलांसाठी ही उत्तरं आहेत. त्यांना तिकडे सांभाळणाऱ्या मुलांनी, सुनांनी, लेकी-जावयांनीही वाचावीत. सोलापुरात जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास आला की आपण कानटोपी काढतो. तिकडे रविवारी सकाळी उणे १० असताना उपासनेला निघायचं असतं. थंडीला कपडे असतात, त्यामुळे तिची फार धास्ती घेऊ नये. सांभाळायचं ते पायाखालच्या बर्फाला. मोठी माणसं पडतात ती बहुतेक घराच्या पायऱ्यांवर, गाडीच्या दाराशी नाहीतर चर्चच्या पायरीवर. आणि पडण्याआधी घाई किंवा भीड, यांपैकी एक काहीतरी हमखास झालेलं असतं.

बर्फ पडत असताना जास्त धोका असतो की पडून गेल्यावर?

पडून गेल्यावर. नुकताच पडलेला मऊ बर्फ पायाखाली दबतो आणि बुटाला थोडीफार पकड देतो. दुपारी ऊन लागून तो वितळतो, पाणी फुटपाथवर पसरतं, रात्री पारा शून्याखाली गेला की त्याच पाण्याची पातळ, कडक चादर होते. रविवारची उपासना साधारण सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान सुरू होते, म्हणजे नेमकी ही चादर अजून न वितळलेली असताना. त्यावर पुन्हा दोन बोटं मऊ बर्फ पडला तर ती दिसतही नाही. ‘आज तर थोडाच पडलाय’ म्हणून बिनधास्त निघू नका, तोच दिवस वाईट असतो.

आणखी एक गोष्ट आपल्याला उलटी वाटते. उणे २० ला कोरडा, करकरीत बर्फ असतो, त्यावर बूट त्या मानाने धरतो. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तेव्हा सगळ्यात जास्त घसरतं. ‘आज थंडी कमी आहे’ हे ऐकून सैल सोडू नये.

ब्लॅक आइस म्हणजे काय? तो ओळखायचा कसा?

काळ्या डांबरावर जमलेला पारदर्शक बर्फ. खालचं डांबर आरपार दिसतं म्हणून तो काळा भासतो. रस्ता नुसता ओला दिसतो, पण पुढच्या गाड्यांच्या चाकांतून पाणी उडत नसेल तर ते पाणी नाही, बर्फ आहे. चालताना एवढंच धरा: पारा शून्याजवळ किंवा खाली आहे आणि जमीन चकाकते आहे, तर तिथे बर्फच आहे.

मोबाइलवर २-३ अंश दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. ते हवेचं तापमान असतं. निरभ्र रात्रीनंतर जमीन हवेपेक्षा थंड असते. इमारतीची उत्तरेकडची सावलीतली बाजू, पन्हाळीचं पाणी गळतं ती जागा, दोन उभ्या गाड्यांमधली बोळ, उतार आणि पूल इथे बर्फ आधी धरतो आणि शेवटी सुटतो. पुलाला वरून-खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, म्हणून रस्ता मोकळा असला तरी पूल गोठलेला असू शकतो.

सोलापुरातून काय न्यावं आणि तिकडे काय घ्यावं?

इथून थर्मलचे दोन-तीन जोड, लोकरीचे मोजे, कानटोपी, मफलर. कोट आणि बूट तिकडेच घ्यावेत. आपल्याकडे मिळणारं जाकीट सोलापूरच्या किंवा फार तर महाबळेश्वरच्या थंडीचं असतं, आणि जाड कोटाने बॅग भरली तर शेंगाचटणी नि कडक भाकरीला जागा राहत नाही. विमानतळातून बाहेर पडून गाडीत बसेपर्यंतचा कोट मात्र लागतोच. मुलांना तो घेऊनच न्यायला यायला सांगा.

कपडे तीन थरांत घालायचे. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा कोट. आतून सुती बनियन घालायची सवय तेवढी सोडा. सूत घाम धरून ठेवतं, मग उभं राहिल्यावर अंग गार पडतं. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त ऊब देतात. माकडटोपीला नातवंडं हसतील, हसू द्यात. कान, हनुवटी, मान एकदम झाकणारी तेवढी सोयीची वस्तू त्यांच्याकडेही नसते. फक्त डोळ्यांच्या कडेने दिसलं पाहिजे, तेवढी ती नीट बसवून घ्या.

बूट घेताना काय बघायचं?

तळवा. बाकी सगळं नंतर.

तळव्याचं रबर मऊ हवं. नखाने दाबलं तर किंचित दबलं पाहिजे, बूट हाताने वाकवला तर पुढच्या तिसऱ्या भागात वाकला पाहिजे. कडक प्लास्टिकसारखा तळवा थंडीत आणखी कडक होतो आणि बर्फावर सरकतो. खाचा खोल आणि आडव्या-तिडव्या हव्यात. टाच रुंद आणि बुटकी, पाण्याला आत शिरू न देणारं वरचं कापड किंवा चामडं, घोटा झाकेल एवढी उंची. लोकरीचा मोजा घालूनच माप घ्या आणि आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही, पाय आणखी गारठतात. वाकायला त्रास होत असेल तर नाडीऐवजी चेन किंवा पट्टा असलेला घ्या, म्हणजे दारात एका पायावर उभं राहून बूट चढवण्याची वेळ येणार नाही.

टोरोंटोतल्या पुनर्वसन संशोधन संस्थेत माणसांना बूट घालून बर्फाच्या उतारावर चालवतात आणि बुटांना हिमकणांच्या खुणांनी गुण देतात. ‘रेट माय ट्रेड्स’ नावाने ती यादी खुली आहे. कॅनडात जाणाऱ्यांनी मुलांना ती बघून बूट आणायला सांगावं. महाग म्हणजे पकड चांगली, असं त्यात काही दिसत नाही.

रविवारचे ठेवणीतले चामडी बूट, गुळगुळीत तळव्याचे, बर्फावर सगळ्यात वाईट. ते पिशवीत न्या आणि आत गेल्यावर बदला. तिकडे बरेच लोक तसंच करतात, कुणी वळून बघत नाही.

बुटाला लावायचे काटे मिळतात म्हणे, ते घ्यावेत का?

हो, पायी चालायचं असेल तर जरूर घ्या. रबराची जाळी असते, खाली लोखंडी टोकं किंवा स्प्रिंगची वेटोळी. बुटावरून ताणून चढवतात. चढवायचे ते खुर्चीत बसून आणि घराच्या आत. पहिल्यांदा रविवारी सकाळी नको, शनिवारी दुपारी दोनदा घालून-काढून बघा. रबर कडक असतं, म्हाताऱ्या बोटांना ताकद लागते.

चर्चच्या दारात आलात की काढलेच पाहिजेत. हेच काटे फरशीवर, संगमरवरावर, गुळगुळीत लाकडावर काचेवरून सरकावं तसे सरकतात. बर्फावर न पडलेली माणसं काटे न काढल्यामुळे आत पडतात. दाराशी बसायला बाक नसेल तर सोबतच्याने काढून द्यायचे, यात लाजायचं काय! काटे घालून गाडी चालवू नये, पेडलवरून पाय निसटतो.

साडी नेसून जाता येईल का?

येईल, पण इथल्यासारखी पायघोळ नाही. साडी घोट्याच्या वर चार बोटं राहील अशी नेसा, आत थर्मलची विजार आणि गुडघ्यापर्यंत मोजे. परकर कमी घेराचा घ्या. निऱ्यांना आतून दोन पिना मारल्या की पायऱ्या चढताना पुढचा काठ बुटाखाली येत नाही. पदर पूर्ण कोटाच्या आत, कारण मोकळा पदर गाडीच्या दारात अडकतो आणि माणूस मागे ओढला जातो. कोट गुडघ्याच्या खाली जाणारा असेल तर बरं, पण घोट्यापर्यंतचा नको.

फुटपाथवर मीठ टाकलेलं असतं. त्याच्या पाण्याने काठावर पांढरे डाग पडतात आणि जरी काळवंडते. म्हणून इरकल नाहीतर रेशमी साडी पहिल्या बर्फात काढू नका. नाताळला नेसायचीच असेल तर सलवारीवर जाऊन चर्चमध्ये नेसा. जागेचं आधी विचारून ठेवा, लहान मुलांच्या खोलीत सहसा सोय होते. पुरुषांनी धोतर किंवा पातळ पायजम्याचा विचार सोडून द्यावा.

बर्फावर चालायचं कसं?

पावसाळ्यात काळ्या रानातल्या बांधावरून चालताना आपण जसं चालतो तसं. तिथे कुणी लांब ढांगा टाकत नाही.

पावलं खांद्याएवढी फाकवून, चवडे किंचित बाहेर वळवून ठेवा. गुडघे थोडे सैल. पाऊल लहान, आणि टाच आधी न टेकवता पूर्ण तळवा एकदम टेकवा. सगळं वजन पुढच्या पायावर आलं की मगच मागचा उचला. नेहमीच्या चालीत टाच तिरकी टेकते आणि वजन दोन पायांमध्ये असतं, म्हणून टाच पुढे निसटली की माणूस पाठीवर पडतो. अंग किंचित पुढे झुकलेलं ठेवा. नजर दोन-तीन मीटर पुढे, बुटाच्या टोकावर नाही.

हात खिशाबाहेर हवेत, म्हणजेच हातमोजे हवेतच. पवित्र शास्त्र, गायनाचं पुस्तक, मोबाइल, चष्म्याची डबी आडव्या पट्ट्याच्या पिशवीत किंवा पाठीवर टाका. प्रभुभोजनानंतरच्या जेवणासाठी नेलेला शिऱ्याचा डबा तरुण माणसाकडे द्या. वळायचं असेल तर एका पायावर न गरकता लहान पावलांनी अर्धवर्तुळ काढा. पायरी उतरताना कठड्याकडे तोंड करून, दोन्ही पाय एका पायरीवर आणून, मग पुढची.

हात धरताना आधार देणाऱ्याने तुमचा दंड पकडू नये. तुम्ही त्याच्या कोपरात हात घाला, म्हणजे सोडणं-धरणं तुमच्या हाती राहतं. दोघे म्हातारे नवरा-बायको एकमेकांना धरून चालले तर एक घसरला की दोघे जातात. मध्ये तरणं माणूस हवं.

इथली काठी चालेल का?

काठी चालेल, तिचं रबरी बूच चालणार नाही. गोठलेल्या बर्फावर ते सरकतं. तिकडे औषधांच्या दुकानात काठीला लावायचं लोखंडी दात्यांचं टोक मिळतं, बिजागरीने वर घडी होतं. बाहेर खाली, आत गेल्यावर वर. चाकांचा वॉकर मऊ बर्फात रुततो, तेव्हा थेट दारापर्यंत गाडी हाच उपाय.

गाडीतून उतरताना नेमकं काय चुकतं?

एक पाय बाहेर टाकून माणूस उठायला बघतो. तो पाय घसरतो, दुसरा आतच असतो.

आधी बसल्या जागी पूर्ण बाहेर वळा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा आणि बूट थोडा घासून जमीन कशी आहे ते बघा. मग एक हात गाडीच्या चौकटीवर, एक सीटवर ठेवून उठा. दाराला लोंबकळू नका, दार हलतं. उभं राहिल्यावर दोन श्वास तिथेच थांबा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठल्याबरोबर भोवळ येऊ शकते.

मुलाने गाडी आधी चर्चच्या दाराशी लावून तुम्हाला उतरवावं आणि मग पार्किंगला जावं. ‘त्याला कशाला त्रास, आम्ही येतो की चालत’ ही आपल्या पिढीची भीड इथे महागात पडते. पार्किंगची जागा चाकांनी घासून गुळगुळीत झालेली असते, तिथे काठीवाल्याने पायी फिरूच नये. उपासना संपल्यावरही गाडी दाराशी येईपर्यंत आत बसा. बाहेर उभं राहून ओळखीच्यांशी गप्पा मारायची इथली सवय तिकडे चार महिने बंद.

चर्चच्या आत शिरलो की सुटलो ना?

अजून नाही. बाहेरच्या गारठ्यातून आत आल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरते, समोरचं काही दिसत नाही, आणि पायाखाली सगळ्यांच्या बुटांतून गळलेलं पाणी असतं. पायपुसणीवरच एका बाजूला थांबा. बूट आपटून खाचांतला बर्फ काढा, चष्मा पुसा, डोळ्यांना उजेडाची सवय होऊ द्या. मागून लोक येत असले तरी थांबा. दाराजवळच्या बाकावर बसलं तर आतलं ओलं अंतरही कमी होतं.

छपराच्या कडेखाली उभं राहू नका. वर साठलेला बर्फ ऊन लागलं की एकदम घसरून येतो.

मीठ टाकलेलं दिसतं, म्हणजे तिथे निर्धास्त चालावं का?

मीठ कधी टाकलं आणि पारा किती आहे, यावर आहे. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, पण त्याला वितळवायला वेळ लागतो, साधारण पंधरा-वीस मिनिटं तरी. साधं मीठ उणे ९ च्या खाली फारसं काम करत नाही. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड लागतं. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त पकड देते, पण ती लगेच देते आणि कितीही थंडीत देते. म्हणून घरच्या पायऱ्यांवर निघण्याच्या अर्धा तास आधी मीठ आणि निघताना मूठभर वाळू, असं दोन्ही ठेवलं तर बरं. मुलाने हे शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी, दोनदा करावं. एकदा वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं.

मुलगा गाडी चालवतो. त्याला किती वेळ लागेल हे कसं धरावं?

नेहमीच्या वेळेत निदान २० मिनिटं वाढवा. त्यातली दहा गाडीवरचा बर्फ काढण्यातच जातात: सगळ्या काचा, दिवे, नंबर प्लेट आणि छपरावरचाही. छपरावरचा ठेवला तर ब्रेक लावताच तो पुढच्या काचेवर येतो. काचेवर गरम पाणी ओतू नये, काच तडकते. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना, हे गाडी सुरू करण्याआधी बघायलाच हवं. बुजलं असेल तर धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याच कारणाने बंद गॅरेजमध्ये गाडी तापवत ठेवू नये.

हिवाळी टायर लावले आहेत का, हे विचारायला संकोच नको. ७ अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तर डोंगर-हिमकणाच्या चिन्हाचे टायर लागतातच. तरीही बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकतं. म्हणून पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर, हलका पाय, आणि मागे बसलेल्यांनी ‘उशीर होतोय’ म्हणायचं नाही.

चाक घसरलंच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि जिकडे जायचं आहे तिकडे बघत स्टिअरिंग हळू वळवायचं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर ब्रेक घट्ट दाबून ठेवायचा. पेडल थरथरलं तरी सोडायचं नाही, ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे. मागे डिकीत घोंगडी, फावडं, बॅटरी, पाण्याची बाटली आणि वाळूची पिशवी असावी.

सोलापुरात चाळीस वर्षं गाडी हाकलेल्या वडिलांनी पहिल्या हिवाळ्यात तिकडे स्टिअरिंगला हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बसने जायचं असेल तर?

थांब्याच्या कडेला यंत्राने लोटलेल्या बर्फाचा बांध असतो, त्यावरून बसच्या पायरीवर उडी मारू नका. चालकाला हात करून मोकळ्या जागी थांबायला सांगा. तिकडचे चालक पायरी खाली करून देतात, मागावं लागतं एवढंच.

नातवंडांचं काय?

गाडीतल्या मुलांच्या खुर्चीत बसवताना जाड कोट काढा. कोटामुळे पट्टा सैल राहतो आणि धक्का बसला तर मूल त्यातून सुटतं. पट्टा आवळून वरून कोट उलटा पांघरा. आजी-आजोबांनी बर्फावर बाळाला कडेवर घेऊ नये, कितीही हट्ट केला तरी.

किती थंडीत घरीच थांबावं?

नुसता पारा बघू नका, वाऱ्यासह जाणवणारं तापमान बघा, हवामानाच्या अ‍ॅपवर ते वेगळं दिलेलं असतं. ते उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी थांबलेलंच बरं. गोठणाऱ्या पावसाचा इशारा असेल तर पारा शून्यावर असला तरी निघू नका. तो पाऊस पडताक्षणी कडक बर्फ होतो, मीठ टाकणारेही मागे पडतात.

नाक, कान, बोटं पांढरी मेणासारखी दिसू लागली, बधिर झाली तर लगेच आत जा. चोळू नका, शेकोटीपाशी धरू नका. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. मधुमेह्याने पाण्याचं ऊन स्वतःच्या पायाने अजमावू नये, त्याला चटका कळत नाही, दुसऱ्याने कोपराने बघावं. कातडी काळी-निळी पडली किंवा फोड आले तर डॉक्टर. माणूस थरथरायचा थांबून बोलताना अडखळू लागला, झोपाळला, तर अंगातली ऊब उतरली आहे. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर?

गार हवेने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. दारातून गाडीपर्यंतच, हळू, वाऱ्याला पाठ करून. दम्याच्या माणसाने नाका-तोंडावरून मफलर घ्यावा आणि फवारा कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा, बाहेरच्या खिशात तो गारठतो. छातीच्या गोळ्याही तिथेच. आणि मुलाला मदत म्हणून फावड्याने बर्फ उपसायला उतरू नका. ओला बर्फ फार जड असतो. साठीनंतर, सवय नसताना, गारठ्यात ते काम हृदयावर येतं.

पडलोच तर?

तोल गेला कळताच हनुवटी छातीला लावा, गुडघे वाकवा, कुशीवर पडायचा प्रयत्न करा. सरळ हात टेकवला की मनगट मोडतं.

पडल्यावर लगेच उठू नका, आणि कुणाला बगलेत हात घालून ओढूही देऊ नका. मिनिटभर पडून राहा. मान, कंबर, पाय हलवून बघा. मांडीच्या सांध्यात जोराची कळ, पायावर भार देता न येणं, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसणं ही खुब्याच्या हाडाची लक्षणं. हलवायचं नाही, खाली-वर कोट घालून ऊब ठेवायची आणि फोन करायचा: अमेरिका-कॅनडात ९११, युरोपात ११२, इंग्लंडमध्ये ९९९. काही मोडलेलं नसेल तर कुशीवर वळा, मग चार पायांवर, मग एक पाय पुढे घेऊन गुडघ्यावर. सोबतच्याने आपला बूट तुमच्या पुढच्या पायाला अडसर लावावा किंवा आतून खुर्ची आणावी.

डोकं आपटलं आणि वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनाही हेच लागू. आतला रक्तस्राव काही तासांनीही कळू शकतो. उपासनेत व्यत्यय नको म्हणून दोन तास बसून राहणारी माणसं असतात. कृपा करून तसं करू नका.

उपासना आहे की रद्द झाली, हे कसं कळतं? आणि चुकली तर?

चर्चची वेबसाइट, फेसबुक पान किंवा फोनवरचा निरोप सकाळी निघण्याआधी बघायचा. तिथले पाळक स्वतःच ‘वयस्करांनी आज घरी थांबावं’ असं कळवतात. अशा दिवशी सोलापूरच्या आपल्या मंडळीची उपासना ऑनलाइन बघायची असेल तर वेळ लक्षात ठेवा. इथली रविवार सकाळी ९ ची उपासना टोरोंटोत शनिवारी रात्री १०:३० ला, शिकागोत ९:३० ला लागते. लंडनला मात्र पहाटे ३:३० आणि जर्मनीत ४:३० होतात, तिथे मागाहूनच बघावी.

नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना?

दिवसाच्या उपासनेपेक्षा अवघड. डिसेंबरअखेर टोरोंटोत पावणेपाचला सूर्य मावळतो, लंडन-बर्लिनला चारच्या आत. जाताना ओला असलेला रस्ता परतताना गोठलेला असतो. मेणबत्त्यांच्या गीतासाठी आतले दिवे मंद करतात, तेव्हा जागेवरून उठू नका. पायी जाणार असाल तर काळ्या कोटावर चमकणारी पट्टी लावा आणि हातात बॅटरी धरा. झेपत नसेल तर दुपारची मुलांची उपासना असते, तिला जा.

निघण्याआधी सोलापुरात काय तयारी करावी?

दोन-तीन महिने आधी सुरू करा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभं राहा, दहा सेकंदांपासून तीसपर्यंत वाढवा, दोन्ही पाय. हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. टाचा वर-खाली, पंधरा वेळा. अंगण असेल तर चप्पल सोडून बूट घालून रोज फिरा. आयुष्यभर चप्पल वापरलेल्या पायाला घोट्यापर्यंतचा बूट जड लागतो आणि अडखळायला होतं.

डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू पिकला असेल तर आधी उरकून घ्या. दूर-जवळ एकत्र असलेल्या चष्म्यातून पायरी पुसट दिसते, चालण्यासाठी फक्त दूरचा वेगळा करून घेतला तर उत्तम. मधुमेह असेल तर तळपायाची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या. झोपेची किंवा भोवळ आणणारी गोळी चालू असेल तर तीही दाखवा.

विमा घ्यायलाच हवा का?

हो, आणि तो इथून निघण्याआधी. तिकडे खुब्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च खिशातून झेपणारा नसतो. अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया काहीही लपवू नका, नाहीतर दावा नाकारायला तेच कारण होतं. आधीपासूनच्या आजारांना संरक्षण आहे की नाही, हे पॉलिसीच्या कागदावर बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. चालू औषधांची यादी औषधांच्या मूळ नावांनी इंग्रजीत डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिच्या तीन प्रती करा: एक पाकिटात, एक मुलाकडे, आणि एक रविवारच्या कोटाच्या आतल्या खिशात, विम्याच्या फोन नंबरासह.